मोटर फिरत नाही, तार मात्र तापते : घरच्या खेळण्यांबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी सहावीत आहे. सुट्टीत दोघांनी मिळून सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन मोटर केली. ती एकदा हलली आणि थांबली. तार तापते, फिरत मात्र नाही. मुलगी वैतागून म्हणते, त्यापेक्षा किट आणा. घरच्या सामानातून खरंच चालणारी खेळणी होतात का, सुरुवात कशापासून करावी आणि किट घ्यावं की नाही?

शाळांमधून आणि सुट्टीतल्या शिबिरांतून मी बरीच वर्षं मुलांकडून हीच खेळणी करून घेतोय, म्हणून जरा लांबण लावतो. आधी मोटर, कारण ती टेबलावर अर्धवट पडली आहे आणि तिचं निस्तरल्याशिवाय मुलगी दुसरं काही ऐकून घेणार नाही.

तार तापते ही बातमी चांगली आहे. तार तापते म्हणजे वीज वाहते आहे, सेल जिवंत आहे आणि पिनांचा स्पर्शही नीट होतोय. म्हणजे निम्म्या शंका इथेच संपल्या. 'एकदा हलली आणि थांबली' हे तर त्याहून उपयोगाचं. वेटोळं चुंबकाकडे एक बाजू करून अडून बसतं आणि तिथेच तापत राहतं, असं होत असेल तर तुम्ही तारेची दोन्ही टोकं सगळ्या बाजूंनी खरवडली आहेत. मला तरी हेच कारण दिसतं, आणि दहातले सात-आठ जण इथेच अडकतात.

असं का होतं ते सांगतो. वेटोळ्यातून वीज वाहिली की ते स्वतःच चुंबक होतं. खालच्या चुंबकाकडे त्याचा एक ध्रुव ओढला जातो, म्हणून ते फिरतं. पण ओढला जाऊन समोरासमोर आलं की पुढे कशाला जाईल? थोडं पुढे गेलंच तर तीच ओढ त्याला मागे खेचते. म्हणून अर्धा फेरा वीज द्यायची आणि अर्धा फेरा तोडायची. तोडलेल्या अर्ध्या फेऱ्यात वेटोळं आधीच्या जोरावर पुढे सरकतं आणि पुन्हा धक्का खायच्या जागी येतं. दहावीच्या पुस्तकातल्या मोटरमध्ये हे काम दोन अर्ध्या कड्यांचा कम्युटेटर करतो (तो तर वीज उलटीच करतो, म्हणून दोन्ही अर्ध्यांत धक्का मिळतो). आपल्या मोटरमध्ये हे काम तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज जाऊ न देणारा पातळ लेप, करतं. एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं अर्धंच, म्हणजे तारेच्या गोलाईचा अर्धा भाग चकचकीत आणि अर्ध्यावर इनॅमल तसंच.

आता यातली मेख. कुठला अर्धा, हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक चित्रांत ते नीट दाखवलेलं नसतं. चुंबक वेटोळ्याच्या खाली असेल तर वेटोळं उभं धरायचं, म्हणजे समोरून गोल दिसेल असं, आणि टोक टेबलाच्या कडेवर ठेवून फक्त वरची बाजू पॉलिश पेपरने घासायची. वेटोळं आडवं, ताटासारखं ठेवून घासलंत तर वीज अगदी चुकीच्या वेळी सुरू होते : अर्धा धक्का पुढे, अर्धा मागे, आणि वेटोळं नुसतं थरथरतं. ब्लेडपेक्षा पॉलिश पेपर बरा, ब्लेडने तारेला खाच पडते आणि ती खाच पिनेत अडकते. हल्लीच्या तारेवरचं इनॅमल इतकं तांब्याच्याच रंगाचं असतं की खरवडलं की नाही ते कळत नाही. उन्हात धरून बघा. खरवडलेला भाग गुलाबीसर चमकतो. आता एक टोक पूर्ण घासून झालेलंच आहे. दुसऱ्याला नवीन इनॅमल लावता येत नाही, पण वेटोळं उभं धरून परमनंट मार्करने खालच्या बाजूला जाड रेघ ओढली की काम भागतं. दोन थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. हा उपाय तात्पुरता आहे, रेघ घासली जाते. पण मोटर फिरते आणि कारण पटतं, मग नवीन वेटोळं करायला मुलगी स्वतःच बसते.

तरीही फिरली नाही तर चुंबक काढून ठेवा आणि वेटोळ्याला बोटाने नुसती गिरकी द्या. ते दरवेळी एकाच जागी येऊन थांबतं का? म्हणजे एक बाजू जड आहे. दोन्ही टोकं वेटोळ्याच्या बरोबर मधून, एका सरळ रेषेत निघाली पाहिजेत. डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघितलं की वाक लगेच दिसतो. तोल साधणं हे या खेळण्यातलं खरं हातकाम आहे आणि मुलांची बोटं यात आपल्यापेक्षा सरस असतात, त्यामुळे ते त्यांनाच करू द्यावं.

मोजमापं विचारली नाहीत, तरी देऊन ठेवतो. २२ गेजची इनॅमल तार, पाऊण मीटर पुरे. ही विकत आणायची गरज नाही. पंप आणि पंख्याच्या मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात जमिनीवर तुकडे पडलेले असतात आणि 'मुलीला मोटर करायची आहे' म्हटलं की दुकानदार पैसे घेत नाही, उलट दोन गोष्टी सांगतो. जाड्या मार्करवर दहा वेढे, दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरची टोकं. टॉर्चचा जाडा सेल आडवा ठेवायचा, त्याच्या दोन्ही तोंडांना दोन मोठ्या सेफ्टी पिना सायकलच्या ट्यूबच्या कापाने घट्ट बांधायच्या. पिनेच्या शेपटीकडचं गोल वेटोळं वर, त्या भोकातून टोकं ओवायची. चुंबक सेलच्या पाठीवर आपोआप चिकटतं, कारण सेलचं कवच लोखंडी असतं. वेटोळं आणि चुंबक यांच्यात चार-पाच मिलिमीटरची फट ठेवा, त्याहून जास्त झाली तर जोर चटकन कमी होतो. फ्रिजवर लावायचं चपटं रबरी चुंबक इथे कामाचं नाही. फुटका स्पीकर, कपाटाच्या दाराचा कॅचर, जुन्या पर्सचं चुंबकी बटण यांतलं घ्या.

आणि तापण्याबद्दल. पाऊण मीटर तांब्याच्या तारेचा रोध ०.०५ ओहमच्याही आत असतो. म्हणजे वेटोळं अडून बसलं की ते शॉर्ट सर्किटच. सेलच्या स्वतःच्या आतल्या रोधामुळेच काय तो प्रवाह काही अँपिअरवर थांबतो. म्हणून ही मोटर एका वेळी अर्धा मिनिट चालवावी आणि वेटोळं उचलून ठेवावं. मोबाइलची जुनी बॅटरी इथे कधीही लावू नये. लिथियमच्या बॅटरीचा आतला रोध फार कमी, ती असल्या शॉर्टमध्ये पेट घेऊ शकते. भिंतीतल्या सॉकेटचा तर विषयच नको.

आता तुमचा मोठा प्रश्न. होतात, चांगली होतात, पण खेळणं निवडताना माझी एक कसोटी आहे : ते बंद पडलं तर का बंद पडलं हे मुलाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. किती भारी दिसतं, किती विज्ञान शिकवतं, हे मी नंतर बघतो. तुमच्या मोटरचंच घ्या. सगळं उघड्यावर आहे. एक तार, दोन पिना, एक चुंबक. चूक असेल तर या चारांतच असणार. आणि जे मूल स्वतः चूक शोधून काढतं ते खेळणं सोडत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालायचं सोडून दिलं आहे.

ही कसोटी लावली तर सुरुवात मोटरपासून करूच नये. मोटर तिसऱ्या-चौथ्या पायरीवरची. पहिली पायरी म्हणजे भिंगरी. कोटाचं मोठं बटण किंवा जाड पुठ्ठ्याची चकती, दोन भोकं, त्यांतून ओवलेला गोधडीचा पक्का दोरा. दोन्ही हातांनी पीळ द्यायचा आणि ओढायचं-सैल सोडायचं. आम्ही सोड्याच्या बाटलीचं बूच ठेचून करायचो, पण त्याची कड ब्लेडसारखी कापते, तेव्हा ते नको. भोकं मध्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर चकती थडथडते. ही चूक कानाला ऐकू येते आणि हाताला लागते. भिंगरीला पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांना मी मनू प्रकाश यांचं काम सांगतो. अमेरिकेत स्टॅनफर्डला असलेल्या या भारतीय संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली याच भिंगरीच्या तत्त्वावर कागदाचं सेंट्रिफ्यूज केलं. मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग, खर्च २० सेंट, आणि रक्तातला प्लाझ्मा दीड मिनिटात वेगळा! जिथे वीज नाही अशा दवाखान्यासाठी. मुलीला हे भिंगरी फिरवून झाल्यावर सांगा, आधी नको.

दुसरी पायरी सांगाड्यांची. सायकलच्या दुकानात वॉल्व ट्यूब मागा, पातळ काळी रबरी नळी. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि गुल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या दोन्हीकडून खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की लगेच कलंडतो. मग त्यात तिरकी काडी घालून तो ताठ करायचा आणि नंतर घराजवळचा मोबाइल टॉवर, रेल्वेचा पूल, मांडवाचा सांगाडा जाऊन बघायचा. ही काड्यांची युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) नोकरीला. १९७८ साली ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तो कार्यक्रम १९७२ साली १६ सरकारी मिडल स्कूलमध्ये (सहावी ते आठवी) सुरू झाला होता. पुढे पुण्याला आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या शेकडो खेळण्यांची कृती लिहून, चित्रफिती करून फुकट उपलब्ध करून दिली, मराठीतसुद्धा. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्हाला कृती हव्या असतील तर तिथून घ्या. माझ्यासारखे बरेच जण त्याच पाण्यावर वाढले आहेत.

खरं सांगायचं तर आपल्याकडे हा जोडकामाचा खेळ त्याआधीही होता. ज्वारीचं वाळलेलं धाट सोलून चोया काढायच्या, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे करायचे आणि चोया त्यात खोचून बैलगाडी, चष्मा, तराजू करायचा. खेड्यात नातेवाईक असतील तर सुगीनंतर मूठभर धाटं मागवून घ्या. चोय हाताला कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्यांनी करावं. भेंड इतकं मऊ की जोड चुकला तर उपटून दुसरीकडे खोचता येतो. असं फुकट आणि मुलाच्या हाताला साजेसं साहित्य दुकानात मिळत नाही.

तिसरं, आवाजाचं. एरवी मी इथे स्ट्रॉची पिपाणी सांगितली असती : टोक चपटं करायचं, दोन तिरके काप देऊन चोच करायची, ओठांत धरून फुंकायचं आणि वाजत असतानाच दुसरं टोक कात्रीने कापत जायचं. दरवेळी सूर वर चढतो. मुलं हसून लोळतात. पण १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉची चोच दोन फुंकांत ओली होऊन मिटते. त्यावर मेण चोळलं तर थोडा वेळ टिकते. दारात पपई असेल तर तिच्या पानाचा देठ आतून पोकळच असतो, त्याला उभी चीर देऊन वाजवायची युक्ती घरातल्या आजोबांना येत असेल, विचारून बघा. पपईचा चीक कातडीला आणि ओठांना झोंबतो, तेवढा देठ कापल्यावर धुऊन घ्या.

याच्यानंतर मोटर. आणि मोटरमुळे चुंबकांशी गाठ पडलीच आहे तर तरंगती पेन्सिल जरूर करा, ते माझं सगळ्यात लाडकं खेळणं आहे. जुन्या रबरी चपलेच्या तळाचा तुकडा घ्या. त्यात कड्यांच्या आकाराची चार चुंबकं उभी खोचा, दोन-दोनच्या जोड्यांनी, साधारण पेन्सिलच्या निम्म्या लांबीइतकं अंतर सोडून. पेन्सिलीवर कागदाची गुंडाळी करून चुंबकाच्याच दोन कड्या तितक्याच अंतरावर घट्ट बसवा. ध्रुव असे हवेत की खालची चुंबकं पेन्सिलीला वर ढकलतील. एका टोकाला उभी काचपट्टी किंवा जुनी सीडी लावा आणि पेन्सिलीची नोक तिच्यावर टेकू द्या. कड्या थोड्या पुढे-मागे सरकवत नेल्या की एक जागा अशी येते की पेन्सिल हवेत राहते, फक्त नोक टेकलेली. मग दोन बोटांनी गिरकी द्या. घर्षण एकाच बिंदूवर, त्यामुळे ती कितीतरी वेळ फिरत राहते.

प्रत्येक मूल इथे हमखास विचारतं : ती सीडी काढली तर? काढून बघू द्या. पेन्सिल झटक्यात एका बाजूला पळते. मग मूल दोन चुंबकं जास्त लावून बघतं, जागा बदलून बघतं, आणि पेन्सिल दरवेळी पळते. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ साली हेच गणिताने दाखवून दिलं होतं की नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर वस्तू हवेत स्थिर राहूच शकत नाही, कुठल्या तरी एका दिशेला ती घसरणारच. एखाद्या गोष्टीला 'जमत नाही' आणि 'होऊच शकत नाही' यांतला फरक सहावीतल्या मुलीला इतक्या स्वस्तात दुसरीकडे कळायचा नाही.

जत्रेत मिळणारी, तेलाच्या वातीवर फट्-फट् करत पाण्यात फिरणारी पत्र्याची होडी घरी करायची असं अनेकांच्या मनात असतं. ती १८९१ साली तोमा पिओ नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये पेटंट केली होती. आतलं पाणी तापून वाफ होते, नळ्यांतलं पाणी मागे फेकलं जातं, वाफ निवली की पाणी परत आत ओढलं जातं. फेकताना पाणी एका धारेने मागे जातं आणि ओढताना सगळ्या बाजूंनी गोळा होतं, म्हणून होडी पुढे जाते. देखणं यंत्र. पण घरी करताना सांधे गळतात, आणि गळती कुठे आहे ते आगीच्या वर, पत्र्याच्या आत लपलेलं. माझ्या कसोटीला ती उतरत नाही. विकत आणा, परातीत सोडा, मजा घ्या.

ब्रशचा किडा मात्र चालेल. जुन्या मोबाइलमधली थरथरणारी इवलीशी मोटर, टूथब्रशचं कापलेलं डोकं, वर सेल. मोटरच्या दांड्यावरचं वजन एका बाजूला असल्यामुळे ती हादरते आणि ब्रशच्या केसांवर किडा पळतो. केस ज्या बाजूला वाकलेले, त्याच्या उलट दिशेला. सरळ जात नसेल तर केस वाकवून दिशा बदलता येते, चूकही दिसते आणि दुरुस्तीही. फक्त सगळीकडे यासाठी बटण सेल दाखवतात, त्यावर माझा सक्त आक्षेप आहे. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर बटण सेल आणि छोटी पण फार जोरदार अशी निओडिमियम चुंबकं टेबलावर पडू देऊ नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. दोन चुंबकं वेगवेगळ्या वेळी गिळली तर ती आतड्याच्या दोन घड्या मधे धरून चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. असं झाल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं. पेन्सिल सेल लांब, पातळ वायरीने जोडून हातात धरा.

राहिला किटचा प्रश्न. किटला माझा विरोध नाही, घाईला आहे. खोक्यात सगळे भाग मापात कापलेले, भोकं आधीच पाडलेली असतात. चित्राप्रमाणे जोडलं की चालतं, आणि नाही चाललं की मूल ते खोक्यात परत भरतं, कारण आत काय बिघडलं ते बघायची सोयच नसते. तुमची मुलगी आज किट मागते आहे ती मोटर अडली म्हणून. मोटर फिरल्यानंतरही मागत असेल तर घ्या. पण तेव्हाही बंद खोक्याच्या रोबोपेक्षा सुटे भाग घेऊन द्या : पिवळ्या गिअरबॉक्सची बीओ मोटर, दोन चाकं, सेलचा होल्डर, एक स्विच, थोडी वायर. पुण्यात पासोड्या विठोबापाशी, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं; इतर ठिकाणी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे किंवा ऑनलाइन. गाडीचा सांगाडा पुठ्ठ्याचा नाहीतर आइसक्रीमच्या काड्यांचा तिचा तिने करावा. आर्डुइनो (प्रोग्रॅम करायचा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर वगैरे आठवीपर्यंत थांबलं तरी काही बिघडत नाही. आधी सेलचं धन-ऋण उलटं लावलं की चाक उलटं फिरतं, हे हाताने कळलेलं असावं.

एका पालकांनी मला असंही विचारलं होतं की मुलांनी केलेली खेळणी सोसायटीच्या मेळ्यात विकायला ठेवली तर? नातेवाइकांना भेट द्या, खुशाल. पण चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे, तेव्हा विक्रीचा विचार असेल तर नियम आधी वाचून घ्या.

तूर्त मार्करची रेघ ओढून बघा. त्याने फिरली नाही तर वेटोळं उभं धरून दोन्ही टोकांचे जवळून फोटो काढून पाठवा, आणि तिसरा फोटो पूर्ण मोटरचा बाजूने काढा. खरवडलेली बाजू कुठली आणि चुंबकाची फट किती, एवढं दिसलं की पुढचं सांगता येईल.